साडेतेरा पेन्सची डबी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साम्राज्याच्या अर्थकारणावर बोलायचे म्हटले की कापूस, रेल्वे, अफू आणि मीठ हे विषय ठरलेले असतात, आणि ते योग्यच आहे. आज मी त्यांच्या शेजारी ठेवली तर दिसणारही नाही अशी एक वस्तू निवडली आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधील किराणा दुकानदार, पुस्तकविक्रेता, छापखानेवाला, फेरीवाला असा कोणीही ही वस्तू विकत असे. ती म्हणजे गोळ्यांची एक लहानशी डबी. मलमाची असो की गोळ्यांची, होलोवेची असो की बीचमची, सर्वांत लहान डबीची किंमत बहुधा एकच असे : एक शिलिंग दीड पेनी. बारा पेन्सचा शिलिंग, तेव्हा एकूण साडेतेरा पेन्स.

हा वरचा दीड पेनी कुठून आला, येथून सुरुवात करू. ब्रिटिश सरकारने १७८३ मध्ये औषधांवर मुद्रांक शुल्क बसविले आणि १८१२ च्या कायद्याने त्याची कोष्टके पक्की केली. एक शिलिंगापर्यंतच्या औषधावर दीड पेनी, अडीच शिलिंगांपर्यंतच्या औषधावर तीन पेन्स, चार शिलिंगांपर्यंत सहा पेन्स. म्हणून डब्यांच्या किमतीही १ शिलिंग १॥ पेनी, २ शिलिंग ९ पेन्स, ४ शिलिंग ६ पेन्स अशा चमत्कारिक दिसतात. कर भरल्याची खूण म्हणून सरकारी तिकीट झाकणावर असे चिकटवीत की ते फाडल्याखेरीज डबी उघडू नये. उत्पादकाने जादा खर्च सोसला तर त्या सरकारी तिकिटावर त्याचे स्वतःचे नावही कोरून मिळे. आता खेड्यातील बाईने ही डबी हातात घेतली तर तिने काय समजावे? वर राज्यसत्तेचे चिन्ह, त्यात औषधवाल्याचे नाव. सरकारने हे औषध पारखले आहे, असेच ती समजणार, आणि तिने तसे समजावे अशीच जाहिरातदाराची इच्छा. वस्तुतः त्या डबीत काय आहे हे सरकारात कोणीही पाहिलेले नसे. या तिकिटाने सरकारची कसलीही हमी सूचित होत नाही, अशा अर्थाचे शब्द पुढे तिकिटावरच छापावे लागले. पण बारीक अक्षरांतील शब्द आणि ठळक राजमुद्रा यांच्या झुंजीत कोण जिंकते, हे सांगायला नको.

‘पेटंट औषध’ हे नावदेखील असेच फसवे. पेटंट म्हणजे एक सौदा असतो. शोधकाने आपली कृती जगापुढे उघड करायची आणि त्याच्या बदल्यात समाजाने त्याला काही वर्षांची मक्तेदारी द्यायची. या औषधांपैकी बहुतेकांनी तसे पेटंट कधी घेतलेच नव्हते, कारण घेतले असते तर कृती सांगावी लागली असती आणि मुदत संपताच ती सार्वजनिक झाली असती. त्यांना मक्तेदारी हवी होती, पण उघडपणा नको होता. ती सोय नावाने केली. १८७५ च्या व्यापारचिन्ह नोंदणी कायद्याने त्या नावाला कायद्याचे पक्के कुंपण मिळाले. कृती गुप्त, नाव मात्र घरोघर, आणि मक्तेदारीला मुदत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. वस्तूचे मूल्य वस्तूतून निघून तिच्या नावात जाऊन बसण्याची प्रक्रिया साबण, चहा, तंबाखू यांत पुढे सर्वत्र दिसली, पण औषधात ती सर्वांत आधी आणि सर्वांत निर्लज्जपणे घडली.

लोक ही औषधे का घेत? सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते : अज्ञान. मला ते पटत नाही. फ्रीडरिख एंगल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर जे पुस्तक लिहिले त्यात या गोळ्यांचा उल्लेख आहे, आणि त्याने दिलेले कारण साधे आहे. डॉक्टरची फी कामगाराला परवडत नाही. पार्स लाइफ पिल्स नावाच्या गोळ्यांच्या वीस ते पंचवीस हजार डब्या आठवड्याला खपतात, असे तो सांगतो आणि पुढे उपरोधाने नोंदवतो की त्याच गोळ्या एक माणूस बद्धकोष्ठासाठी घेतो तर दुसरा अतिसारासाठी. शिवाय डॉक्टरही त्या काळी काय देत होते? शिरा कापून रक्त काढणे आणि दात हलेपर्यंत पाऱ्याची औषधे चारणे, ही मान्यताप्राप्त चिकित्सा होती. सुंठीची गोळी निदान रक्त तरी काढत नव्हती. गरिबाच्या या निवडीत एक हिशेब होता, आणि त्या हिशेबावरच धंदा उभा राहिला.

सगळेच मात्र इतके निरुपद्रवी नव्हते. गॉडफ्रीज कॉर्डियल नावाचे गोड सरबत तान्ह्या मुलांना देत. त्यात अफू असे. आई पहाटे गिरणीत जाणार, मूल दिवसभर शेजारच्या म्हातारीकडे, त्या म्हातारीकडे आणखी चार मुले. मुले झोपलेली बरी. किती मुले त्या झोपेतून उठली नाहीत याचे हिशेब एंगल्सच्या आणि पुढे सरकारी आरोग्यखात्याच्या अहवालांत विखुरलेले आहेत. मुंबईच्या गिरणगावात १९२० च्या दशकात बाळगोळी म्हणून अफूच्या गोळ्या तान्ह्यांना देत आणि त्याही गिरणीतल्या बायांच्याच मुलांना. लँकेशायरची बाई आणि लालबागची बाई यांनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते. पाळणाघर नसलेल्या गिरणीने दोघींनाही एकाच बाटलीकडे नेले.

आता टॉमस होलोवेकडे येऊ. या व्यवहाराचा खरा आचार्य तोच. १८३७ च्या सुमारास ट्यूरिनहून आलेला अल्बिनोलो नावाचा एक इटालियन जळू-विक्रेता लंडनमध्ये स्वतःचे मलम घेऊन हिंडत होता. त्याच्याकडून होलोवेला कल्पना मिळाली आणि त्याने स्वतःचे मलम बाजारात आणले, पाठोपाठ गोळ्या. जाहिरातींवर त्याने एवढा खर्च केला की बिले थकली आणि त्याला कर्जदारांच्या तुरुंगात जावे लागले. दुसरा एखादा येथे शहाणा झाला असता. होलोवे बाहेर आला आणि त्याने जाहिराती वाढविल्या. १८४२ मध्ये वर्षाला पाच हजार पौंड, १८४५ मध्ये दहा हजार, १८५१ मध्ये वीस हजार, १८५५ मध्ये तीस हजार, आणि १८८३ साली तो मेला तेव्हा सुमारे पन्नास हजार. आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळविणाऱ्या शेतमजुराच्या देशातील हे आकडे आहेत. ऑल्डबरो नावाच्या एका उमरावाचे, आपली यकृताची आणि पोटाची जुनाट व्याधी या गोळ्यांनी बरी झाल्याचे पत्र त्याने वर्षानुवर्षे छापले. एका लॉर्डाचे यकृत आणि त्याच्या कुळाचे पोट यांत निदान गोळीपुरती समता आली, असे म्हणावयास हरकत नाही.

होलोवेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूलबाळ नसलेल्या या गृहस्थाने आपली संपत्ती दोन प्रचंड इमारतींत ओतली. एक मनोरुग्णांसाठी, १८८५ मध्ये उघडलेली, आणि दुसरी स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी. त्या महाविद्यालयाचे उद्घाटन १८८६ मध्ये स्वतः व्हिक्टोरिया राणीने केले आणि १९०० पासून ते लंडन विद्यापीठाचा भाग आहे. तेथे शिकून गेलेल्या मुलींच्या पिढ्या खऱ्या आहेत, त्यांचे शिक्षण खरे आहे. पण दानशूरतेच्या पाटीखाली पैशाची उगमकथा पुसली जाते, हा अनुभव आपल्याही ट्रस्टांच्या बाबतीत नवा नाही.

होलोवेचे पैसे गेले कुठे? वृत्तपत्रांकडे. येथे माझ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इंग्लंडमध्ये वृत्तपत्रांवर तीन कर होते. प्रत्येक प्रतीवर मुद्रांक, प्रत्येक जाहिरातीवर शुल्क, आणि कागदावर कर. गरिबाच्या हाती वृत्तपत्र पडू नये हा त्यामागचा उघड हेतू होता. त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली. ‘ज्ञानावरील कर’ हे नाव तिनेच रूढ केले आणि होलिओकसारखे सहकारवादी तिच्यात होते. जाहिरातीवरील कर १८५३ मध्ये गेला, प्रतीवरचा मुद्रांक १८५५ मध्ये, कागदावरचा १८६१ मध्ये. एका पेनीला दैनिक मिळू लागले. हा लोकशाहीचा विजय होता आणि मी त्याचे मोल कमी करू इच्छित नाही. मात्र एका पेनीत कागद, छपाई, बातमीदार आणि तारखाते यांचा खर्च भागत नव्हता. उरलेली रक्कम जाहिरातदार भरत होता, आणि जाहिरातदारांत अग्रपूजेचा मान औषधवाल्याचा. सरकारी पहारेकरी दारावरून उठला आणि त्याच्या जागी गोळीवाला बसला. फरक इतकाच की पहिल्याला सर्वजण ओळखत होते.

काही ठिकाणी तर गोळीतूनच वृत्तपत्र जन्मले. हर्बर्ट इन्ग्रॅम हा नॉटिंगहॅमचा छापखानेवाला आणि वृत्तपत्रविक्रेता. मघाशी ज्या पार्स लाइफ पिल्सचा उल्लेख केला, त्यांच्या विक्रीत याचा वाटा. टॉमस पार नावाचा म्हातारा १५२ वर्षे जगून १६३५ मध्ये वारला अशी दंतकथा होती, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे गुपित या डबीत आहे असे सांगितले जाई. त्या गोळ्यांच्या पैशाच्या बळावर इन्ग्रॅमने १४ मे १८४२ रोजी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ सुरू केला. सचित्र पत्रकारितेचा तो आद्य ग्रंथ मानला जातो. इन्ग्रॅम पुढे पार्लमेंटचा सभासदही झाला.

हे भांडवलदारांच्या पत्राचे झाले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. चार्टिस्ट चळवळीचे मुखपत्र, फीअर्गस ओकॉनरचे ‘नॉर्दर्न स्टार’, १८३७ मध्ये लीड्सला निघाले. मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगारांचे ते पत्र विणकरांच्या झोपड्यांत मोठ्याने वाचून दाखवीत. त्याच्या स्तंभांतही पेटंट औषधांच्या जाहिराती भरलेल्या असत, पारच्या गोळ्यांच्या सुद्धा. ते पत्र साडेचार पेन्सना विकले जाई, त्यातला एक पेनी सरकारच्या मुद्रांकाचा. बाकीच्यात पत्र चालवायचे, खटले लढायचे, तुरुंगातल्या सहकाऱ्यांची कुटुंबे पोसायची. त्या संपादकांना मी दोष देणार नाही. पण एंगल्सने कामगारांच्या शरीरावर झालेला ज्या गोळ्यांचा परिणाम मांडला, त्याच गोळ्या कामगारांचे पत्र जगवीत होत्या. या साप्ताहिकाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरताना ‘दैनिक यापेक्षा स्वस्त मिळते’ असे जे ऐकावे लागते, त्याला उत्तर देताना हा प्रसंग कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. दैनिक स्वस्त असते, कारण त्याचे उरलेले पैसे दुसऱ्या कुणीतरी दिलेले असतात.

जाहिरातदाराला न्यायालयाचीही फारशी भीती नसे. कायद्याचे विद्यार्थी येथे असतील तर त्यांना कार्लिल विरुद्ध कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी हा खटला पाठच असेल. इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना, आमचा धुरी घेण्याचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही कोणाला तो रोग झाला तर शंभर पौंड देऊ, अशी जाहिरात या कंपनीने केली. कार्लिलबाईंनी वापर केला, रोग झाला, त्यांनी पैसे मागितले. ही केवळ बढाई होती, करार नव्हे, असा बचाव झाला. न्यायालयाने १८९२ मध्ये तो फेटाळला आणि बाईंना शंभर पौंड मिळाले. मग मालकाने काय केले? अटी वाढवून दोनशे पौंडांच्या बक्षिसाची नवी जाहिरात दिली.

वसाहतींत हा व्यापार कसा आला, ते एका बाटलीवरून पाहू. जॉन कॉलिस ब्राऊन हा लष्करातील शल्यवैद्य. हिंदुस्थानात असताना, १८४८ च्या सुमारास, पटकीवर उतारा म्हणून त्याने एक मिश्रण केले. नाव दिले क्लोरोडाइन. अफूचे सत्त्व, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क असा त्याचा ऐवज. १८५६ मध्ये विक्रीचे हक्क लंडनच्या डॅव्हनपोर्ट नावाच्या औषधविक्रेत्याकडे गेले. पटकी, हगवण, खोकला, दमा, मज्जाशूळ, सर्वांवर एकच बाटली. हिंदुस्थानातून स्वदेशी गेलेले हे मिश्रण, इंग्रजी व्यापारचिन्ह लेवून, पुन्हा हिंदुस्थानातील बंगल्याबंगल्यांत आणि लष्करी छावण्यांत आले. कच्चा माल येथला, बाजारपेठ येथली, नाव आणि नफा तेथला, हे सूत्र केवळ कापसापुरते नव्हते.

या बाटलीच्या जाहिरातीत पुढे अनेक दशके एक मजकूर येत राहिला. परराष्ट्रमंत्री अर्ल रसेल यांना मनिला येथील ब्रिटिश वकिलाकडून १८६४ मध्ये एक खलिता आला होता. पटकीवर उपयोगी पडणारे एकमेव औषध क्लोरोडाइन, असा त्याचा आशय. मंत्र्यांनी तो वैद्यक महाविद्यालयाकडे धाडला, ‘लॅन्सेट’मध्ये तो आला, आणि तेथून तो सरळ जाहिरातीत गेला. राजमुद्रेचे तिकीट डबीवर होतेच. आता साम्राज्याचे परराष्ट्रखातेही बाटलीवर आले.

पटकीत अफूने काय होते? जुलाब काही काळ मंदावतात, पोटातील कळ शमते, रोग्याला गुंगी येते. पण तो मरतो शरीरातील पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते क्लोरोडाइन भरून काढत नाही. ते कसे भरून काढावे याचे संशोधन १९६० च्या दशकात ढाका आणि कलकत्ता येथे झाले. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी मीठ, साखर, सोडा आणि स्वच्छ पाणी यांचे द्रावण पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्युप्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांवर आले. या द्रावणाची कृती कुणीही वाचू शकतो. त्यात गुपित नाही, म्हणून त्यात डॅव्हनपोर्टला रस वाटण्यासारखे काही नव्हते.

व्हिक्टोरियन जाहिरात साम्राज्याचा वापर दुसऱ्या प्रकारेही करी. पेअर्स साबणाच्या १८८७ च्या एका जाहिरातीत सुदानमधील लढवय्ये खडकावर रंगविलेल्या साबणाच्या स्तुतीपुढे स्तिमित होऊन उभे आहेत, आणि चित्राला ब्रिटिश विजयाचे सूत्र म्हटले आहे. गॉर्डन खार्टूमला मारला गेल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. युद्धात जे साधले नव्हते ते चित्रात साबणाने साधले. कलकत्ता-मुंबईच्या इंग्रजी पत्रांत होलोवेच्या गोळ्या, क्लोरोडाइन, ईनोचे क्षार, मदर सीगलचे सिरप यांच्या जाहिराती येत होत्या, त्या आधी साहेबासाठी आणि मग साहेबासारखे होऊ पाहणाऱ्यांसाठी.

त्याच काळात त्याच सरकारने केलेल्या एका वेगळ्या गोष्टीची नोंद न्यायाने घेतली पाहिजे. दार्जिलिंगजवळ आणि निलगिरीत सिंकोनाचे सरकारी मळे होते. १८९२ पासून बंगालमध्ये टपालकचेरीतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकण्याची व्यवस्था झाली. क्विनीन हे हिवतापावरचे खरे औषध, त्याचे नाव पुडीवर, वजन ठरलेले, किंमत ठरलेली, जाहिरातदार कोणी नाही, आणि विक्रेता पोस्टमास्तर. गरजेच्या मानाने पुरवठा तोकडाच होता. परंतु साम्राज्याच्या ऐन मध्यान्हीही औषध असे विकता येत होते, हे त्या पुडीने दाखविले. बाटल्यांतील ‘ताप-मिश्रणां’चा खप तरीही वाढतच गेला.

एतद्देशीय उद्योजकांनी हे तंत्र लवकर उचलले. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ चा. वैद्य रोग्याची नाडी पाहून त्याच्यापुरते औषध कुटून देई, ते आता छापील वेष्टणातून सर्वांना सारखे मिळू लागले. मुंबईत १८९३ मध्ये नागेश्वर राव यांनी अमृतांजन बाम काढला आणि गायनाच्या मैफलींत तो फुकट वाटून लोकांच्या कपाळी पोहोचविला. त्यांनीच १९०८ मध्ये मुंबईतून ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले, पुढे मद्रासला नेले, आणि स्वातंत्र्यचळवळीत तन-मन-धन लावले. इन्ग्रॅमप्रमाणेच येथेही औषधाने वृत्तपत्र पोसले. तरी दोघांना एका तराजूत घालणे मला मंजूर नाही. डोकेदुखीवरचा बाम डोकेदुखीवरचाच म्हणून विकला जात होता, १५२ वर्षांच्या आयुष्याचे आमिष त्यात नव्हते. परंतु स्वदेशीच्या नावाखाली सर्वांनाच अशी माफी द्यायची काय, हा प्रश्न उरतो. ‘विलायती’ हा शब्द पुसून ‘देशी’ लिहिल्याने गुप्त कृती उघड होत नाही.

आता त्या साडेतेरा पेन्सच्या डबीत काय होते ते सांगतो. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. बाजारातील औषधे विकत घ्यायची, प्रयोगशाळेत पृथक्करण करायचे, आणि घटक व त्यांचा खर्च छापायचा, एवढेच त्यांनी केले. बीचमच्या गोळ्यांची डबी एका गिनीच्या मोलाची आहे असे जाहिरात सांगत होती, आणि जाहिरातींवरचा त्यांचा वार्षिक खर्च एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाख पौंडांच्या घरात गेला होता. पृथक्करणात काय निघाले? कोरफडीचा वाळविलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ, सुंठ, आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या घटकांचा खर्च सुमारे अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी, तेव्हा अर्धा फार्दिंग म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. साडेतेराला आठाने गुणा : एकशे आठ. जपमाळेचे मणी. यातून सरकारचा दीड पेनी वजा करा, दुकानदाराचे अडत-कमिशन वजा करा, कारखान्याची मजुरी वजा करा, तरी जे उरते त्यातील मोठा भाग त्या औषधावर विश्वास बसविण्याच्या खर्चात जातो. ग्राहक सुंठीचे पैसे फारच थोडे देत होता. त्याने आपल्याला पटवून घेण्याचाच खर्च आपल्या खिशातून भरला होता. एखाद्या नव्या माणसाने तीच गोळी चार पेन्सना विकायची म्हटली असती तर सुंठ त्याला मिळाली असती, पण लाख पौंडांच्या जाहिराती कुठून आणणार? मक्तेदारी म्हणजे काय हे समजावयास याहून सोपे उदाहरण मला वर्गात कधी सापडले नाही.

या पुस्तकाची जाहिरात छापण्यास अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला. पुस्तक खोटे आहे असे कोणी म्हटले नाही, आणि त्यावर वादही घातला नाही. फक्त जागा दिली नाही. अमेरिकेत तर हे लेखी असे. तेथील औषधवाले वृत्तपत्रांशी जे करार करीत त्यांत एक कलम असे : राज्यात या औषधांविरुद्ध कायदा झाला तर जाहिरातीचा करार रद्द. कायदा येऊ नये याची काळजी मग संपादकच घेत. ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाने १९०५ मध्ये हे करार चव्हाट्यावर आणले, आणि १९०६ मध्ये तेथे शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. इंग्लंडमध्ये कलमाची गरज पडली नसावी. सभ्य लोकांत न बोलताही समजते.

आणि सरकार? औषध-मुद्रांकापासून त्याला या सुमारास वर्षाला तीन लाख पौंडांहून अधिक उत्पन्न होते. वृत्तपत्राला जाहिरातीचे पैसे, कोषागाराला तिकिटाचे पैसे. बोलायचे कोणी?

तरीही १९१२ मध्ये पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. साक्षी झाल्या, कागदपत्रे निघाली. समितीचे म्हणणे थोडक्यात असे की अनुसूचित विष नसलेले कोणतेही मिश्रण, कोणत्याही रोगावरचा इलाज म्हणून, कल्पित डॉक्टरांच्या खोट्या शिफारशींसह, लोक देतील त्या किमतीला विकण्यापासून माणसाला रोखण्यास ब्रिटिश कायदा असमर्थ आहे. फक्त मुद्रांक भरला की झाले. हा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ या तारखेचा आहे. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. अहवाल कपाटात गेला. कर्करोगावरील इलाजांच्या जाहिरातींना बंदी झाली १९३९ मध्ये. घटक वेष्टणावर छापण्याची सक्ती आणि मुद्रांक शुल्काचे उच्चाटन झाले १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. पृथक्करण छापून झाल्यावर बत्तीस वर्षांनी.

आपल्याकडे औषध कायदा १९४० चा आणि आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा, जादूटोणा-इलाजांचाही समावेश असलेला कायदा १९५४ चा. त्या दुसऱ्या कायद्याला जोडलेल्या यादीत ज्या रोगांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही असे रोग दिले आहेत. मधुमेह त्यात आहे, कर्करोग आहे, उंची वाढविणे सुद्धा आहे. २०१८ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० आला. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, आणि वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली. बनगावच्या द्रावणाचेही असेच झाले. ‘ओआरएस’ ही त्याची इंग्रजी आद्याक्षरे वेष्टणावर छापून भरपूर साखरेची पेये औषधांच्या दुकानांत विकली जात होती, जुलाब झालेल्या मुलांसाठी आया ती नेत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही अक्षरे पेयांच्या नावांत वापरू नयेत असा आदेश काढला, तोही हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर.

वेळ संपत आली, प्रश्नोत्तरांना जागा ठेवली पाहिजे. पुढच्या बैठकीसाठी एक काम सुचवितो. प्रत्येकाने आपल्या गावात येणाऱ्या दैनिकांचे सलग सात दिवसांचे अंक आणावेत. औषधांच्या आणि इलाजांच्या जाहिराती कापून कागदावर चिकटवाव्यात, आणि शेजारी त्याच अंकात आरोग्यावर आलेला संपादकीय मजकूर चिकटवावा. १९५४ च्या कायद्याची यादी मी घेऊन येतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचू, आणि तक्रार कुणाकडे, कोणत्या कलमाखाली करायची ते तेथेच बसून लिहू.